साहेबीण झाले नि कीबोर्ड गेला

मला मॅनेजर केलं तेव्हा सौंसरच्या आमच्या सूतगिरणीत मी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर माझा कीबोर्ड कोणीतरी उचलून नेलेला. तक्रार करणार कोणाकडे? तो सन्मान होता! काचेचं टेबल आलं, घंटी आली, दाराला हिरवा पडदा आला. शिपाई म्हणाला, मॅडम आता साहेब झाल्या, आता कशाला बोटं झिजवायची. खरं सांगते, पहिले काही दिवस मी त्या घंटीवर फार खूश होते. वाजवली की कोणीतरी यायचं. काम नसलं तरी वाजवायचे.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. त्याआधी बरीच वर्षं मी त्याच गिरणीत प्रोग्रामर होते. एसीच्या खोलीत एक कपाटाएवढं मशीन, दाराबाहेर चपला काढून आत जायचं, आणि आत गेलं की बाहेरचा उन्हाळा, घरचे पाहुणे, सासूबाईंचे गुडघे, सगळं विसरायचं. मशीनवर कोबोल चालायची. म्हणजे मशीनला कामं सांगायची त्या काळची भाषा. कामगारांची हजेरी आणि पगार काढणारा अख्खा प्रोग्राम मी एकटीने त्या भाषेत लिहिला होता, आणि त्याचा मला इतका गर्व होता की नवऱ्याने एकदा विचारलं, आपल्या लग्नाची तारीख तुला आठवते का? मला पटकन सांगता आली नाही. तो शिक्षक माणूस, पांढुर्ण्यातल्या शाळेत शिकवायचा, त्याला मार्क कापायची सवय. त्याने कापले.

तर मी केबिनमध्ये गेले, आणि माझ्यामागे कम्प्युटरच्या खोलीत सगळंच बदललं. दोन नवे पीसी आले, छोटेसे, टेबलावर मावणारे. सोबत सी नावाची नवीन भाषा आली. ती शिकून आलेली तीन तरुण पोरं नोकरीला लागली, आणि ती आपापसात जे बोलायची ते सगळं माझ्या डोक्यावरून जायचं. मी दारात उभी राहिले की तिघंही खटकन उठून उभी राहायची. पडद्यावरचं काम तसंच सोडून. एक खुर्ची पुढे करायचा, दुसरा चहा सांगायला पळायचा, आणि मी समजून घ्यायला आलेली, चहा पिऊन परत यायचे. आपल्याकडे साहेबाचा मान ठेवायची ही अशी रीत आहे, त्याला जवळ येऊच द्यायचं नाही. त्यांनी काही सांगितलंच तर मी नंदीबैलासारखी मान डोलवायचे. माझ्या दिवसाचं बाकी काय? सुट्टीचे अर्ज, प्रिंटरच्या रिबिनी, बिघडलेला एसी आणि मिटिंगा. संध्याकाळी पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले की वाटायचं, आज आपण केलं काय?

त्या तिघांमध्ये एक मुलगी होती, मोहगावची. बापाची थोडी संत्र्याची बाग, थोडी कपाशी. पोरगी तल्लख आणि तेवढीच फटकळ. गिरणीत रोज सकाळी कापसाच्या कोणत्या गाठी फोडायच्या, कोणत्या गोदामातल्या, कोणत्या जातीच्या किती मिसळायच्या, हे ठरवावं लागतं, नाही तर सूत कधी जाड कधी बारीक निघतं. पूर्वी हे एक म्हातारे सुपरवायझर बोटांनी कापूस चाचपून ठरवायचे. ते रिटायर झाले, आणि या पोरीने ते काम करणारा प्रोग्राम सी भाषेत लिहिला. चालायचा तेव्हा असा चालायचा की बघत राहावं. पण मधूनच, काही दिवसांनी, मशीन जागच्या जागी थिजायचं. कळ दाबा, ढिम्म. बंद करून पुन्हा चालू करा, की ठीक. का, ते तिलाही सापडत नव्हतं, आणि कोणी विचारलं की ती अंगावर यायची.

एकदा नेमकं मोठ्या साहेबांसमोरच मशीन थिजलं. मोठे साहेब म्हणजे गिरणीचे सर्वेसर्वा, शांत बोलणारा माणूस, आणि शांत बोलणाऱ्या माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी मला बोलावलं. मुंबईचा एक माणूस तयार प्रोग्राम विकायला येऊन गेला होता, आणि घरी बनवलेले प्रोग्राम कच्चेच असतात असं त्यांच्या डोक्यात भरवून गेला होता. साहेब म्हणाले, मुलगी अजून कच्च्या नोकरीवर आहे, दिवाळीनंतर तिला कायम करायचं की नाही ते ठरेल. तुम्ही मला एवढंच सांगा, तिचं काम मुळातच चुकलंय, की कुठेतरी छोटी खोट आहे? मुळात चुकलं असेल तर तयार माल घेऊ आणि तिला निरोप देऊ.

मी म्हटलं, बघून सांगते. आणि केबिनमध्ये येऊन घंटीकडे बघत बसले. बघणार काय, कप्पाळ? तिने लिहिलेल्यातली एक ओळ मला वाचता येत नव्हती! त्याच दुपारी ती स्वतःच आली. पडदा बाजूला करून आत येऊन, न बसता म्हणाली, तिच्या बापाने बजावलंय, दिवाळीनंतर पक्की झाली तर ठीक, नाही तर घरी बस, रोजची ये-जा बंद. "मॅडम, जे खरं असन ते सांगा साहेबाले. पण बघून सांगा." एवढं बोलून गेली. माझं डोकं फिरलं. तिच्यावर नाही, स्वतःवर. 'बघून सांगा' म्हणून गेली होती पोरगी, आणि बघायलाच मी आंधळी.

दसऱ्याला आम्ही घरचे सगळे दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. परत येताना आमच्या प्रत्येकाच्या पिशवीत पुस्तकं असतातच, तिथे जाऊन पुस्तक न घेता येणं म्हणजे गेल्यासारखंच नाही. त्या वर्षी मी वंदन करून सरळ सीताबर्डीचा बाजार गाठला आणि सी भाषेचं एक जाडजूड पुस्तक घेतलं. सासूबाई गर्दीत मला शोधून शोधून दमल्या. मी दिसल्यावर त्यांनी आधी मला झापलं आणि मग पुस्तक हातात घेऊन उघडलं, एक पान बघितलं, मिटलं, आणि विचारलं, "काहून वं, अजून परीक्षा हाये का तुही?" मी म्हटलं, हाये.

आणि मग काय सांगू, मला वेडच लागलं! पांढुर्णा ते सौंसर बस, सौंसर ते पांढुर्णा बस, आणि मांडीवर ते पुस्तक. खड्ड्यात गाडी आदळली की ओळ चुकायची, पुन्हा वरून. शिंगाडे-शेंगा विकणाऱ्यांचा गलका, बाजूच्या बाईचं रडणारं लेकरू, कशाचं काही वाटायचं नाही. अर्ध्याहून जास्त तर कोबोलसारखंच होतं, फक्त कमी शब्दांत. मी कोबोलमध्ये जे सांगायला ऐसपैस परिच्छेद लिहायचे ते इथे एका ओळीत! मला राग आला, मग मजा आली, मग राग आला की इतके दिवस मला कोणी सांगितलं का नाही. कंडक्टर ओळखीचा, त्याने तिकीट देताना विचारलं की मॅडम एकट्याच काहून हासून राहिल्या. मी त्याला समजावून सांगायला लागले, तर तो पुढच्या सीटकडे सरकला.

पण एका ठिकाणी गाडी रुतली. सीमध्ये एक प्रकार आहे, त्याला पॉइंटर म्हणतात. साधं सांगायचं तर, वस्तू नाही, वस्तू ठेवलेल्या जागेची खूण. मशीनच्या आठवणीत अमुक जागी अमुक गोष्ट आहे, एवढंच ती खूण सांगते. पुस्तक म्हणत होतं, हे कळलं तर सगळं कळलं. मला कळत नव्हतं. वस्तू हातात असताना तिच्या जागेची खूण कशाला सांभाळायची? आणि त्या पोरीचा अख्खा प्रोग्राम असल्या खुणांनी भरलेला. दिवाळी जवळ आली, फराळाचं सामान आलं, आणि मी चिवड्याचे पोहे जाळले. नवरा म्हणाला, पोह्यांचेही मार्क कापू का? त्याला मी तेव्हा जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दिवाळी झाली आणि आंबिया बहाराची संत्री ऐन भरात आली. माझा दीर बाग करतो. एका रविवारी त्याच्याबरोबर मी पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत गेले, खरं तर घरातून सुटका म्हणून. मंडीत शेतकरी आपापला माल जमिनीवर ओततात, ढिगाला ढीग लागलेला, सगळीकडे तो आंबटगोड वास. व्यापारी फिरतो, ढीग पसंत पडला, सौदा ठरला, की खांद्यावरचा दुपट्टा काढून ढिगावर टाकतो आणि पुढे जातो. दुपट्टा पडला म्हणजे माल त्याचा. मग मागून त्याची माणसं येतात, दुपट्टा बघतात आणि ढीग पेट्यांत भरून नेतात. कोणी कोणाला काही विचारत नाही.

त्या दिवशी एका व्यापाऱ्याच्या माणसांनी ढीग उचलला, पण दुपट्टा तिथेच जमिनीवर राहिला. जागा रिकामी दिसली म्हणून माझ्या दिराने आपली संत्री तिथेच ओतली, आणि शेजारी पडलेला दुपट्टा कोणाचा तरी असेल म्हणून उचलून, कुठे ठेवायचा म्हणून आपल्याच ढिगावर ठेवला, भला माणूस! आम्ही चहा प्यायला गेलो. परत येतो तर त्याच व्यापाऱ्याची दुसरी माणसं दुपट्टा बघून आमची संत्री पेट्यांत भरताहेत. दीर ओरडतोय, ते ओरडताहेत, दुपट्टा हाये ना, आमचा दुपट्टा हाये! आजूबाजूचे शेतकरी जमले, प्रत्येकाचं वेगळं म्हणणं, सगळी मंडी आमच्या ढिगाभोवती.

आणि मी तिथे, त्या भांडणाच्या मधोमध, जोरात टाळी वाजवली. दुपट्टा म्हणजे पॉइंटर! दुपट्टा म्हणजे संत्री नाही, कुठली संत्री एवढं सांगणारी खूण. आणि माल निघून गेला, पण खूण तशीच राहिली, त्याच जागेवर दुसऱ्याचा माल येऊन पडला, की जुन्या खुणेवर विश्वास ठेवणारा माणूस दुसऱ्याच्याच मालात हात घालतो. आमच्या गिरणीत गाठ फोडून संपते, प्रोग्राम तिची जागा मोकळी करतो, नव्या गाठीची माहिती त्याच जागी येऊन बसते. पण जुनी खूण कोणी काढली नसली तर? तर मशीन भलत्याच मालात हात घालणार आणि थिजणार. रोज नाही, जेव्हा नेमकी तीच जागा पुन्हा भरेल तेव्हाच! म्हणूनच तर ते मधूनच व्हायचं! मी दिराचा हात धरून हे सगळं सांगायला लागले. तो म्हणाला, "वहिनी, आधी संत्री वाचवा बाप्पा." संत्री वाचली. व्यापारी स्वतः आला, त्याने दुपट्टा खांद्यावर टाकला आणि आपल्याच माणसांना शिव्या दिल्या.

सोमवारी मी केबिनमध्ये गेलेच नाही. चपला दाराशी काढल्या आणि थेट कम्प्युटरच्या खोलीत. तिघं उभी राहिली. मी म्हटलं, बसा, नाही तर सगळ्यांच्या सुट्ट्या नामंजूर. बसली. मी मोहगावच्या त्या पोरीशेजारी स्टूल ओढलं आणि म्हटलं, गाठ संपते तिथली तुझी ओळ दाखव. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू सासूने येऊन सुनेला कोबोल विचारलं.

"मॅडम, तुम्ही सी कधी शिकल्या?"

"शिकून राहिली," मी म्हटलं. "दाखव."

तिने दाखवलं, पण तोंड वाकडं करून. तिचं म्हणणं की तो भाग तिने कितीदा तपासलाय, तिथे काही नाही. मी तिला मंडीतली गोष्ट सांगितली. दुपट्ट्यापर्यंत आले तोवर ती ऐकत होती. दिराने दुपट्टा उचलून आपल्याच ढिगावर ठेवला म्हटल्यावर ती हसायला लागली, संत्र्याच्या बागेतलीच पोर ती, आणि हसता हसताच तिने प्रोग्राम छापलेला कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. मान खाली घालून तिने पानं उलटली, एका जागी बोट ठेवलं आणि तिथून तिसऱ्याच एका जागी गेली. दोष मी दाखवत होते तिथे नव्हताच! गाठ संपल्यावर ती खूण नीट काढत होती, पण दुसऱ्या एका यादीत तीच खूण तिने कधीतरी उतरवून ठेवली होती, आणि ती तशीच राहत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन दुपट्टे होते, मॅडम."

मग आम्ही मुद्दाम मशीन थिजवलं. गाठ संपवली, त्याच जागी नवी भरली, यादी मागितली, आणि ते थिजलं. आहाहा! बिघडलेल्या गोष्टीचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नाही. आता ते आमच्या हुकमावर बिघडत होतं. तिने दुरुस्ती केली, पुन्हा तोच खेळ केला, आणि ते चालत राहिलं. पुन्हा केला. चालत राहिलं. बाकीची दोघं आमच्या खुर्च्यांमागे येऊन उभी होती, आणि चहा सांगायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी मोठ्या साहेबांना सांगितलं, मुळात चुकलेलं नाही, छोटी खोट होती, सापडली आणि काढली. ते शांतपणे ऐकून घेत म्हणाले, ती म्हणते म्हणून तुम्ही म्हणता, आणि मी मानायचं? मुलगी आपल्या कामाची बाजू घेणारच. मला तुमचं मत हवंय. आणि उठले, चला म्हणाले. कम्प्युटरच्या खोलीत येऊन त्यांनी तिला खुर्चीवरून उठायला सांगितलं आणि मला बसवलं. म्हणाले, गाठींची यादी येते ती जुन्या गाठी आधी अशी येते. मला लोधीखेड्याच्या गोदामातल्या आधी पाहिजेत, त्या भिजायला लागल्यात. तुम्ही करा. मुलीने मधे बोलायचं नाही.

मी खुर्ची पुढे ओढली. किती महिन्यांनी कीबोर्डला हात लावत होते, कोण जाणे! बोटं आपली जागा विसरलेली. पुस्तकातलं सगळं बसमध्ये वाचलेलं, मशीनवर एक ओळ चालवलेली नाही. आणि मागे ती उभी, तिची नोकरी माझ्या बोटांवर. तिने जिथे गाठींची तुलना केली होती ती जागा मी शोधली. आणि बघा, ती मला वाचता आली! तिने किती नीट लिहिलं होतं ते मला त्या क्षणी दिसलं. प्रत्येक काम वेगळं, प्रत्येक गोष्टीचं नाव स्वच्छ, नव्या माणसाने येऊन हात घालावा अशी जागाच ठेवलेली. मी गोदामाची अट घातली. चालवलं. पडद्यावर चूक आली. पुन्हा वाचलं, पुन्हा चूक. मागे पोरगी खोकलीसुद्धा नाही, एवढी शिस्त. साहेब हाताची घडी घालून उभे. मी ओठ चावला, ओळ वरून खाली, खालून वर वाचली, आणि दिसलं, ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता. दिला. चालवलं. लोधीखेड्याच्या गाठी वर आल्या, एका खाली एक, सरळ रांगेत. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण पाय मात्र टेबलाखाली नाचले.

साहेबांनी यादी वाचली. मला विचारलं, तुम्हाला हे बदलायला किती कठीण गेलं? मी म्हटलं, साहेब, वाईट लिहिलेलं असतं तर मला जमलंच नसतं, मी कालची शिकाऊ आहे. ते हसले, तसे क्वचितच हसायचे. म्हणाले, मुलीची कायम नेमणूक लिहून आणा, सही करतो. ती भिंतीकडे तोंड करून प्रिंटरचा कागद नीट करत राहिली, जो आधीच नीट होता.

संध्याकाळी पाळी सुटायच्या जरा आधी शिपायाने येऊन सांगितलं की गेटवर एक माणूस मला भेटायला आलाय. बघते तर पोरीचा बाप, धोतर, टोपी, हातात रिकामी पिशवी. गावात कोणीतरी त्याला सांगितलं होतं की पोरीचं मशीन बंद पडतं, कंपनी काढून टाकणार आहे. तो तिला घेऊन जायला आला होता, आणि त्याआधी मला विचारायला थांबला होता. नेमणुकीची बातमी त्याला अजून कोणी दिलेली नव्हती, आणि मी ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला.

"रामराम मॅडम. लोकं काही बी सांगून राहिले. तुमी सांगा. पोरगी कामाची हाये का नाही?"

असल्या प्रश्नांना मॅनेजर लोक जे म्हणतात ते मलाही पाठ होतं, हुशार आहे, मेहनती आहे, पुढे जाईल. ते माझ्या ओठावर आलंच नाही.

"हाये," मी म्हटलं. "पक्की झाली ते आज. मी तिचं काम वाचलं हाये, बाबा. ओळन् ओळ."

त्याने टोपी काढली आणि परत घातली. बराच वेळ गेटच्या आत, गिरणीच्या त्या लांबलचक इमारतीकडे बघत राहिला, जणू तिची खिडकी कुठली ते शोधत होता.

"आमाले तं ते काय करते हेच समजत नाही," तो म्हणाला. "घरी कोनाले वाचताच येत नाही ते. कोनीतरी वाचलं, बरं झालं."

मी म्हटलं, थांबा, बोलावते तिला, पाळी सुटतच आली. तो नको म्हणाला. ते कामावर हाये ना, म्हणाला, आणि पिशवीची घडी काखेत मारून मोहगावच्या बसकडे चालू लागला.